पहिली मूठ

ता. ९, सोमवार
जहाजावर, सकाळी

मेहुणे,

नमस्कार करतो. तो घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. सत्तावीस वर्षांनी लिहितो आहे. माझं अक्षर पहिल्यापासून वाईट, त्यात इथे टेबल हलतं, खुर्ची हलते, पोटातलं पाणीही हलतं. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने लिहिलं आहे असं समजून चुका पोटात घाला.

हे टपालात टाकून उपयोग नाही, त्याच्या आधी आम्हीच पोचू. शनिवारी सकाळी आठला जहाज तुमच्या बंदराला लागेल आणि संध्याकाळी पाचला सुटेल. तेव्हा ही वही तुमच्या हातात देईन, असं आज तरी ठरवलं आहे. उद्याचं उद्या. तुमच्या मुलीने तुम्हाला बंदराच्या फाटकाशी भेटायचा निरोप दिला आणि तुम्ही 'बघू' म्हणालात, एवढं तुमच्या ताईला फोनवर कळलं. त्या एका 'बघू'वर ती महिनाभर जगली आहे.

सहल आमच्या लेकीने काढून दिली. चार-पाच कागद पुढे ठेवले आणि म्हणाली, आई, कुठे जायचं ते निवड. ताईने नकाशावर बोट फिरवत तुमचं गाव शोधलं आणि हीच म्हणाली. लेकीला वाटलं, आईला समुद्राची हौस. हौस कसली? खिडकीला पाठ करून बसते. तिला तुम्हाला बघायचं आहे.

आता तिच्या आजाराचं. आठ महिन्यांपूर्वी कळलं की तिच्या आतड्यांना गहू चालत नाही. सिलिअ‍ॅक म्हणतात. गव्हाचा कणसुद्धा पोटात जायला नको. हा आजार रक्ताच्या नात्यात असतो म्हणून डॉक्टरांनी विचारलं, 'घरात आणखी कुणाला?' ती पटकन म्हणाली, 'माझ्या धाकट्या भावाला आहे म्हणत होते, पण ते खोटं निघालं.' मी शेजारी होतो. मी फाइल चाळत बसलो. फाइलमध्ये चाळण्यासारखं काही नव्हतं, दोनच कागद होते.

जहाजावर पथ्याच्या माणसांना वेगळं टेबल आहे. मी त्याला आजाऱ्यांची पंगत म्हणतो. एक निवृत्त मोजणीदार आहेत, त्यांची मूत्रपिंडं गेली आहेत. दिवसाला एक लिटर पाणी, बस. ते खिशात औषधाची वाटी घेऊन फिरतात आणि तिने मोजून पितात. म्हणतात, 'आयुष्यभर लोकांची जमीन मोजली, आता स्वतःचं पाणी मोजतो. एवढा समुद्र भोवती आणि माझ्या वाट्याला ही वाटी.' एक बाई आहेत, त्यांचा घसा शेंगदाण्याच्या नुसत्या कुटाने बंद होतो. त्यांच्या गळ्यात तसा बिल्ला आहे.

वाढप्यांचा मुकादम रोज जेवण झालं की उद्याचा कागद आणतो. त्यातलं निवडायचं, तो लिहून घेतो, आणि ते म्हणे वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या भांड्यांत करतात. जांभळ्या दांड्यांचे डाव, जांभळ्या दांड्यांच्या सुऱ्या. 'आजी, निर्धास्त जेवा,' म्हणतो. चांगला हसतो. मलाही तसं हसता यायचं.

जीव थाऱ्यावर नाही. गळ्यात घालायचं ते फुगीर जाकीट दोनच आहे की तिसरं जादा मिळतं, हे विचारायला तीनदा जाऊन आलो. तिसरं कशाला, तर मला सांगता आलं नाही.

ता. १०, मंगळवार
दुपारी

मेहुणे,

आज ताईचं पोट बिघडलं. चार वेळा उठली. मी म्हटलं होतंच.

मी पहिल्या दिवसापासून तिला इथलं खाऊ देत नाही. दोन-चार घास, तेही मी बघेन तेव्हा. बाकी घरून डबा आणला आहे, कपड्यांच्या घड्यांत लपवून, कारण बाहेरचं आणू देत नाहीत. भाजून दळलेलं तांदळाचं पीठ. खोलीतल्या किटलीत पाणी तापवतो, कालवतो, चिमूटभर मीठ. सकाळी एक वाडगा, संध्याकाळी एक. माझ्या हातचं. तिला कंटाळा आला आहे. काल म्हणाली, 'अहो, त्या बिचाऱ्यांनी एवढं निराळं केलंय. मला त्यातला भात आणि वाफवलेली भाजी खाऊ द्या ना.'

'भात कुठल्या डावाने वाढला ते तू पाहिलंस?'

'जांभळ्या.'

'आणि त्याच्या आधी तो डाव कुठे होता ते पाहिलंस?'

तिने वाडगा पुढे ओढला. पण ते दोन-चार घास खाल्लेच ना तिने, आणि आज हे. मी तडक मुकादमाला गाठलं. सगळ्या पंगतीसमोर म्हणालो, 'तुम्ही माझ्या बायकोला गहू चारलात.' त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, 'आजोबा, माझी स्वतःची बहीण याच आजाराची आहे. मी असं करेन का?' मी म्हणालो, 'करणारा असंच बोलतो.'

मोजणीदार वाटी खाली ठेवून म्हणाले, 'काका, तुम्ही जहाजावर फिरायला आलात की झडती घ्यायला?'

म्हटलं, 'मी बावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी होतो. चारशे माणसांचं करत होतो. स्वयंपाकघरात पडद्यामागे काय चालतं ते तुम्ही मला शिकवू नका.'

'मग तुमच्या स्वयंपाकघरात काय चालायचं?' त्यांनी सहज विचारलं. चेष्टेत.

मी उठून आलो. जिन्यात दोनदा चुकलो. सगळे मजले सारखेच दिसतात.

ता. ११, बुधवार
जहाजाचा दवाखाना, दुपार

मेहुणे,

ताई दवाखान्यात आहे. सकाळी न्हाणीत चक्कर येऊन बसली ती उठेना. अंगातलं पाणी गेलं म्हणून सलाइन लावलं आहे. वजन अडतीस किलो. तुमची ताई, जी तुम्हाला कडेवर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढली होती. अडतीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यावर आणखी जायला नको, या वयात हृदय साथ सोडतं. मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, म्हणजे तेच.

मी जहाजाच्या मुख्य आचाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे.

आता लिहायचं ते लिहितो, नाहीतर हात पुन्हा जाकिटाकडे आणि जिन्याकडे पळेल.

तुम्ही तेव्हा कारखान्याच्या खोल्यांत राहात होता. दोन्ही वेळचं जेवण माझ्या कँटीनला. डॉक्टरने तुम्हाला सांगितलं होतं, तीन महिने गहू बंद करून बघा. बरं वाटलं तर आजार हाच, नाही वाटलं तर दुसरं काहीतरी आहे. तुम्ही माझ्याकडे आलात. 'भाऊजी, माझा रस्सा तेवढा वेगळा काढाल का?' मी म्हटलं, 'घरचा माणूस तू, त्यात विचारायचं काय?'

मी वेगळा काढला नाही.

रस्सा दाट व्हायला आम्ही कणीक लावून घ्यायचो. चारशे माणसांत पातळ रस्सा वाढला तर युनियनवाले बोंब मारायचे. तुमच्यासाठी कणीक घालण्याआधी छोट्या पातेल्यात काढून ठेवायचा, एवढंच काम होतं. पहिले चार दिवस केलंही. मग भांडी घासणारे म्हणायला लागले, 'मेहुण्याचे लाड चाललेत.' एकाने तर पातेलं वाजवून 'जावईबापू आले' असं केलं. मला लाज वाटली. पाचव्या दिवशी मोठ्या पातेल्यातलाच रस्सा छोट्या पातेल्यात ओतला आणि तुमच्यापुढे ठेवला. वाटलं, एवढ्याशा कणकेने काय होतंय. शहरातल्या डॉक्टरांची खुळं. तुम्ही म्हणालात, 'भाऊजी, तुमचे उपकार.' तीन महिने, दोन्ही वेळा, तुम्ही हे म्हणत होता.

तुम्ही बरे झाला नाहीत. होणार कसे? डॉक्टरने कागदावर लिहिलं, आजार नाही, मनाचा खेळ आहे. कारखान्याने कामचुकार ठरवलं. चौकशीला मला बोलावलं. मी साहेबांसमोर सांगितलं, 'मी स्वतः वेगळं शिजवत होतो.' बाहेर व्हरांड्यात तुम्ही मला थांबवलंत. 'भाऊजी, एकदाच विचारतो. खरंच वेगळं होतं?' मी म्हणालो, 'तुझ्या ताईची शपथ.'

तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. त्या आठवड्यात गाव सोडलंत. नंतर तुमचं एकही पत्र नाही. ताई सगळ्यांना सांगत राहिली, माझा भाऊ हट्टी आहे, नोकरी गेली त्याचा राग बहिणीवर काढला. मी ते ऐकत राहिलो. हो ला हो म्हणत राहिलो.

ती आता काचेपलीकडे झोपली आहे. शपथ तिची घेतली होती. मी अडाणी माणूस, मला दुसरं काही सुचत नाही.

ता. १२, गुरुवार

मेहुणे,

काल लिहिलेलं पुरेसं नव्हतं असं दिसतं.

माझ्या तक्रारीवरून मुख्य आचाऱ्याला दवाखान्यात बोलावलं. धिप्पाड माणूस, टोपी हातात घेऊन उभा. तीन दिवसांच्या चिठ्ठ्या घेऊन आला होता. काय शिजवलं, कुठल्या भांड्यात, कुणी, किती वाजता, सगळं लिहिलेलं. माझ्या कँटीनमध्ये तर खडूने फळ्यावर 'आज भोपळा' एवढंच लिहायचे.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, 'तीन दिवसांत त्यांच्या पोटात गेलेलं सगळं सांगा. गोळ्यासुद्धा.'

मी म्हणालो, 'इथलं मोजून चार घास. बाकी सगळं माझं घरचं.'

'घरचं काय?'

मी तोऱ्यात जाऊन डबा आणला. 'बघा. शुद्ध तांदूळ. मी निवडला, मी धुतला, मी भाजला. कुणाचा हात लागू दिला नाही.'

आचाऱ्याने झाकण उघडलं. बोटावर चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली. 'दळलं कुठे?'

'आमच्या कोपऱ्यावर. गिरणीत.'

'त्या गिरणीत गहू दळतात?'

मेहुणे, सगळं जग गहू दळतं.

मी खाली बसलो. त्याने मला धरलं. ज्याच्याविरुद्ध मी तक्रार लिहिली त्यानेच मला धरलं आणि पाणी दिलं.

तुम्हाला सांगतो काय झालं. आमचा गिरणीवाला भला माणूस. पहिल्याच वेळी म्हणाला होता, 'काका, आत्ताच गहू झालाय. जात्यात थोडा राहतो. तुमची पहिली मूठ बाजूला काढतो, शेजारच्या कोंबड्यांना घालू.' मूठ म्हणजे चांगलं वाटीभर पीठ होतं. मी म्हणालो, 'वेडा आहेस का? एवढा चांगला तांदूळ.' आणि ते पीठ ओंजळीने माझ्या डब्यात ओढून घेतलं. मला अन्न टाकवत नाही. दर महिन्याला तो पहिली मूठ बाजूला काढायचा आणि दर महिन्याला मी ती डब्यात परत घालायचो. वर त्याला चार शब्द सुनवायचो.

असे आठ महिने. आठ महिने ती पथ्य पाळते आहे आणि आठ महिने वाळते आहे. आमचे डॉक्टर म्हणाले होते, आजी चोरून काहीतरी खात असणार. मीही विचारलं होतं तिला. 'खरं सांग, बिस्किट खातेस ना माझ्या मागे?' तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तसं पाहणं मी आधी एकदा पाहिलं होतं, व्हरांड्यात.

इथला भात तिला चालला असता. पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी खरोखर वेगळं शिजवलं होतं आणि मी तिला ते खाऊ दिलं नाही.

आचाऱ्याने डबा पिशवीत घालून गाठ मारली आणि घेऊन गेला. हात धुतले, मग पुन्हा धुतले. मी तक्रार मागे घेतो म्हणालो. तो म्हणाला, 'राहू दे. तक्रारीमुळेच डबा सापडला.'

ता. १३, शुक्रवार
दुपारनंतर

मेहुणे,

ताईने भात खाल्ला. मुकादमाने स्वतः आणला, झाकून, जांभळ्या चमच्यासकट. मी त्याची माफी मागितली. म्हणाला, 'आजोबा, माफी नंतर. आधी तुम्ही बाहेर जा. तुम्ही भाताकडे असं बघता की आजींना घास गिळवत नाही.' ती हसली. चार दिवसांनी हसली. पाच घास गेले आणि राहिले.

पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उद्या तिला जहाजावरून उतरता येणार नाही. पायऱ्या, ऊन, गर्दी, काही नाही. घरी पोचल्यावरही थेट मोठ्या दवाखान्यात. आणि यापुढे असला प्रवास नाही. मी विचारलं, मग भावाची भेट? त्या म्हणाल्या, एका माणसाला तासभर वर येऊ देते, पण बारा वाजायच्या आत फाटकावर नाव लिहून घेऊन या. बारानंतर पाहुणे बंद.

म्हणजे तुम्हाला आणायला मी जायचं. एकट्याने.

मी मनात सगळं रचलं होतं. तुम्हाला काही न सांगता वर आणायचं. भावाबहिणीची भेट होऊ द्यायची. तास संपला की परत फाटकापर्यंत सोडायला येऊन वही हातात द्यायची आणि मान खाली घालून उभं राहायचं. मग तुम्ही मारा, थुंका, काहीही करा. तिला तिचा तास तर मिळेल.

मग वाटलं, तिला न विचारता हेही ठरवतो आहे मी. म्हणून खाटेजवळ बसलो आणि तिला सगळं सांगितलं. आधी गिरणीचं, मग कँटीनचं. उलट्या क्रमाने सांगितलं, कारण गिरणीचं सोपं वाटलं. तुम्ही हसाल. सोपं.

गिरणीचं ऐकून ती म्हणाली, 'तुमचा कंजूषपणा मला माहीत नाही का? मी स्वतः गिरणीत जायला हवं होतं.' कँटीनचं ऐकताना सलाइनच्या नळीकडे बघत होती.

'माझी शपथ घेतलीत?'

'हो.'

'आणि मग घरी येऊन माझ्या हातचं जेवलात?'

'हो.'

'सत्तावीस वर्षं मी त्याला हट्टी म्हणाले. आई गेली तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, असा भाऊ असून नसल्यासारखा. तुम्ही शेजारी होतात. तुम्ही मला म्हणू दिलंत.'

मी माझा बेत सांगितला. आधी भेट, मग वही. तिच्या भल्यासाठी म्हणून सांगितला.

तिने मान हलवली. 'नाही. आधी त्याला सगळं सांगा. मग यायचं तर येईल.'

'अगं, ऐकून तो परत गेला तर? तू पुन्हा कधी...'

'तर गेला.' तिने डोळे मिटले. वाटलं झोपली. मग तसेच मिटलेले डोळे ठेवून म्हणाली, 'फसवून वाढलेलं त्याने तीन महिने खाल्लं. फसवून आणलेला भाऊ मला नको. आणि अर्धं सांगू नका. तुम्हाला अर्धं सांगायची खोड आहे.'

मी म्हटलं, 'ठीक आहे.'

'आणि दाढी करून जा.'

त्यानंतर पाठ फिरवून पडली आहे. पाठीची सगळी हाडं मोजता येतात.

ता. १४, शनिवार
बंदराच्या फाटकाबाहेर, बाकावर

मेहुणे,

आठ वाजल्यापासून इथे बसलो आहे. आता साडेअकरा होऊन गेले. पहारेकऱ्याला चार वेळा विचारलं, फाटक हेच ना, दुसरं नाही ना? पाचव्यांदा तो लांबूनच 'हेच, आजोबा, हेच' म्हणाला.

येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघतो आहे. गाल बसलेले, मनगटाची हाडं वर आलेली, पट्ट्याला जादा भोकं पाडलेली. तुम्ही जाताना तसे होता. असा एक माणूस आला, मी धावत गेलो, तर तो मासे विकायला आला होता. दुसऱ्याने मला भिकारी समजून हात झटकला. माझा धीर सुटत चालला आहे. तुम्ही आला नाहीत तर वर जाऊन तिला काय सांगू? ती विचारणार नाही. ती फक्त दाराकडे बघेल.

रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी एक गृहस्थ बसले आहेत. ते नऊपासून तिथेच आहेत. भरलेलं अंग, गोल चेहरा, छान सुटलेलं पोट, शेजारी तरुण मुलगी. मी त्यांना किती वेळा पाहिलं आणि सोडून दिलं. आत्ता त्या मुलीने त्यांना खाण्याची पुडी दिली. त्यांनी ती उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि मागचं बारीक अक्षर वाचत बसले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग मान हलवून पुडी तिला परत दिली. आठ महिने ताई दुकानात हेच करते आहे.

मी सकाळपासून वाळलेला माणूस शोधत होतो. माझ्या हातचं सुटलं आणि तुम्ही भरलात, हे मला सुचायला साडेतीन तास लागले.

तुम्ही माझ्याकडे बघता आहात. मला वाटतं, केव्हापासूनच बघता आहात. ओळखलं आहे, पण उठत नाही. बरोबर आहे तुमचं.

बाराला वीस मिनिटं आहेत. वही वाचायला एवढा वेळ पुरणार नाही, म्हणून तोंडानेच सांगेन, पहिल्यापासून, सगळं. वही नंतर तुमच्याकडेच राहू द्या.

तुम्ही उठू नका. मी येतो.